घटातला पाहुणा

इतिहास हा माझा विषय नव्हे. मी कॉमर्सचा पदवीधर. कॉलेजात आर्थिक इतिहासाचा एक पेपर होता. त्यात मी काठावर पास झालो आणि काठावरूनच परत फिरलो. पुढे बँकेत चिकटलो. बँकेत इतिहास असतो तो कर्जदाराचा. हप्ते थकले की साहेब म्हणतात, "याची जुनी फाइल काढा." मग आम्ही धूळ झटकून फाइल काढतो आणि बुडवणारा इसम मुळात किती सालस घराण्यातला होता ते वाचून थक्क होतो.

एका फुलाने मला असंच बुडवलं. म्हणून मी त्याची जुनी फाइल काढली. हा लेख म्हणजे त्या फाइलीचा गोषवारा आहे.

फुलाचं नाव व्हायोला. पॅन्सी पुष्कळांनी पाहिलेली असते. पाच मखमली पाकळ्या, मधे काळसर डाग, त्यामुळे फुलाला चक्क तोंड असल्यासारखं वाटतं. या पॅन्सीची धाकटी बहीण म्हणजे व्हायोला. तोंडवळा तोच, फक्त फूल रुपयाच्या नाण्याएवढं. पॅन्सी मॅनेजर धरली तर व्हायोला क्लार्क. मॅनेजर दिसायला भारदस्त, पण ऊन तापलं की पहिली मान टाकतो तो. क्लार्क लहान, पण एकेका झाडावर ढिगाने असतात आणि एखादा रजेवर गेला तरी काउंटर बंद पडत नाही. हे मी जातभाईचा कैवार घेऊन लिहीत नाही. व्हायोला पॅन्सीपेक्षा ऊन अंमळ जास्त सोसते, असं बागेची पुस्तकंसुद्धा सांगतात.

माझी आणि या घराण्याची ओळख वडिलांमुळे झाली. पुण्यात असताना जानेवारीत एम्प्रेस बागेत फुलांचं प्रदर्शन भरलं की बाबा आम्हांला घेऊन जात. सगळी गर्दी गुलाबांपुढे. बाबा मात्र पॅन्सीच्या कुंड्यांपुढे हात मागे बांधून उभे राहत. ते पोस्टात काउंटरवर होते. म्हणत, "बाकीची फुलं आपण बघायची. हे एकच आपल्याकडे बघतं. खिडकीच्या आत कोण बसलंय याची चौकशी करणारं गिऱ्हाईक आहे हे." आई म्हणे, "पुरे झालं आता, वाटेत भाजी घ्यायचीय."

बाबा एका फेब्रुवारीत गेले आणि त्याच वर्षी जूनमध्ये माझी सोलापूरला बदली झाली. आईला पुण्यात एकटं ठेवणं शक्य नव्हतं. पन्नास वर्षं ज्या वाड्यात काढली तिथून ती देव आणि एक ट्रंक घेऊन निघाली. सोलापूरच्या भाड्याच्या घरात ती पाहुण्यासारखी राहू लागली. ट्रंक उघडायची, हवं ते लुगडं काढायचं आणि पुन्हा कुलूप. शेजारच्या बायकांशी बोलणं "बरं आहे" एवढंच. नवरात्र आलं तेव्हा बायकोने विचारलं, "आई, घट बसवायचे ना?" आई म्हणाली, "ह्यांचं वर्ष व्हायचंय अजून." आणि थोडं थांबून म्हणाली, "शिवाय परक्या मातीत कसले घट?"

त्यावर कोणीच काही बोललं नाही. बँकेत याला आम्ही 'नोंद घेतली' म्हणतो.

व्हायोलाचं खूळ माझ्या डोक्यात त्याच पावसाळ्यात शिरलं होतं. दुकानात बियांची पाकिटं टांगलेली दिसली. त्यातल्या एकावर ते ओळखीचं तोंड माझ्याकडे बघत होतं. मी चार पाकिटं घेतली. पाकिटावर इंग्रजीत लिहिलं होतं की उन्हाळ्यात पेरा. आता तिकडच्या साहेबाचा उन्हाळा म्हणजे आपला स्वेटर काढायचा दिवस, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. सोलापुरात उन्हाळा मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत जातो, आणि पाऊस पडायला लागला म्हणजे उन्हाळा संपला असं तिथे कोणी समजत नाही. मी जुलैत दोन पाकिटं पेरली. जुलै गेला, ऑगस्ट गेला. कुंडीत उगवला तो फक्त गाजरगवताचा एक कोंब, आणि त्यालाच मी आठ दिवस पाणी घातलं. आमच्या शाखेतला शिपाई म्हणाला, "साहेब, हितं बदलीवरची मान्सं टिकंनात, इलायती फुलं कशी टिकतील ओ?"

मग मी फाइल काढली.

या फुलाचं मूळ रूप म्हणजे युरोपातल्या शेतांच्या कडेला उगवणारं एक तिरंगी रानफूल. इंग्रज लोक त्याला 'हार्ट्‌सईज' म्हणत, म्हणजे जिवाला आराम. फ्रेंच लोकांनी त्याला 'पॉन्से' म्हटलं, म्हणजे विचार; फूल जरा मान खाली घालून उभं असतं म्हणून. त्या पॉन्सेची इंग्रजांनी पॅन्सी केली. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये ज्या फुलाचा रस झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांत पिळला की तो जागेपणी प्रथम दिसेल त्याच्या प्रेमात पडतो, ते फूल हेच. नाटकात हा रस चुकीच्या माणसाच्या डोळ्यांत पडतो. मला वाटतं, पाकिटं विकणाऱ्याने माझ्या डोळ्यांत तोच पिळला असावा.

पण शेताच्या कडेचं हे गावठी फूल बागेत आलं कसं? त्याला कारण झाली एक खातेनिहाय चौकशी, असं मी समजतो. लॉर्ड गँबिए नावाचे एक ब्रिटिश अॅडमिरल होते. १८०९ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावर बास्क रोड्स इथे फ्रेंच आरमार तावडीत सापडलं असताना त्यांनी जोर लावला नाही, असा बभ्रा झाला. खुद्द गँबिएंनीच मागणी केल्यावरून लष्करी न्यायालय बसलं. ते निर्दोष सुटले. चौकशीतून निर्दोष सुटलेला माणूस पुढे काय करतो हे मी बँकेत पाहिलेलं आहे. तो बागकाम करतो. गँबिएंचा बंगला बकिंगहॅमशायरमध्ये आयव्हर या गावी होता. सुमारे १८१३-१४ साली त्यांनी आपल्या आवारातली रानटी हार्ट्‌सईजची काही पिवळी-पांढरी रोपं मुळासकट उपटून आणली आणि माळ्याच्या हातात देऊन सांगितलं, बघ यांचं काही होतं का.

माळ्याचं नाव विल्यम थॉम्सन. या सबंध इतिहासातला माझा लाडका माणूस. साहेबाने टेबलावर टाकलेलं काम त्याने वीस-पंचवीस वर्षं केलं. बी धरायचं, पेरायचं, बरं दिसेल ते ठेवायचं, बाकीचं काढून टाकायचं. इतर ठिकाणांहून रोपं मागवून संकर केले. फूल मोठं झालं, रंग आले. त्याच सुमारास टेम्स नदीकाठी वॉल्टन इथे लेडी मेरी बेनेट नावाच्या बाईंनीही हाच उद्योग मांडला होता. म्हणजे चुरस होती. तरीही या फुलाच्या पाकळ्यांवर तोवर नुसत्या मांजराच्या मिशांसारख्या बारीक रेघा होत्या. ज्या डागामुळे फुलाला तोंड येतं तो डाग नव्हता.

तो डाग थॉम्सनने निर्माण केलेला नाही. त्याने स्वतःच तसं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे. १८३०च्या दशकात एके दिवशी सकाळी तो बरेच दिवस दुर्लक्षित राहिलेल्या हीथच्या झुडपांतून फिरत होता. तिथे त्याला एक मांजराचं इवलंसं तोंड आपल्याकडे टक लावून बघताना दिसलं. जवळ जाऊन बघतो तो हार्ट्‌सईजचं फूल. कोणी न पेरता, कोणी न जोपासता उगवलेलं. रेघांचा मिळून डाग झालेला. त्याला त्याने 'मेडोरा' नाव दिलं आणि आज दुकानातल्या पाकिटावरून जे तोंड आपल्याला भुलवतं ते तिथून सुरू झालं. वीस-पंचवीस वर्षं वाफ्यात राबावं आणि यायचं ते अडगळीत यावं. क्लार्कच्या नोकरीचं याहून चांगलं वर्णन मी वाचलेलं नाही.

मोठी पॅन्सी मग फार लाडावली. तिची प्रदर्शनं, तिच्या संस्था, फूल किती गोल हवं याचे नियम. तेव्हा स्कॉटलंडातल्या लोकांनी धाकट्या पातीकडे लक्ष दिलं. पिरेनीज डोंगरात एक लहानशी, मागे शिंग असलेली, बारमाही काटक व्हायोला होती. जेम्स ग्रीव्ह या एडिंबराच्या माळ्याने १८६०च्या दशकात तिचा आणि तिच्या भावंडांचा पॅन्सीशी संकर केला. चर्नसाइड गावचे डॉक्टर चार्ल्स स्टुअर्ट यांनी रोगी तपासून उरलेल्या वेळात आणखी लहान, रेघा नसलेली, बुटकी व्हायोला तयार केली. थोडक्यात, हे सगळं खानदान थंड, ओल्या, धुक्याच्या मुलखातलं. आणि मी त्याची बदली सोलापूरला केली होती, तीसुद्धा जुलैत.

आता कोणी म्हणेल की हे फूल हिंदुस्थानात आलं ते साहेबाबरोबर. अगदी तसंही नाही. त्याचे चुलते इथे पूर्वीपासून आहेत. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत काश्मीरबद्दल लिहिताना तिथे आपोआप उगवणाऱ्या फुलांत या चुलत्याची, म्हणजे व्हायोलेटची, नोंद केली आहे. त्यालाच आपण बनफशा म्हणतो. सर्दी झाल्यावर युनानी दुकानातून आणून उकळतात त्या जोशांद्यात हेच असतं. म्हणजे व्हायोला घराण्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो, फक्त नाक वाहत असताना. पण हे चुलतेही हिमालयातले. दख्खनच्या पठारावर बंगल्याबंगल्यांतून कुंड्या मांडल्या त्या साहेबाने, आणि विलायतेहून आलेल्या बियांपायी घाम गाळला तो इथल्या माळ्यांनी. त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. थॉम्सनचं नाव तरी राहिलं.

त्या साहेबांपैकी एकाची गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि तो आपल्या नात्यातलाही आहे. विल्यम केरी. मूळचा इंग्लंडातला चांभार. पुढे मिशनरी होऊन १७९३ साली बंगालात आला आणि १८०० सालापासून कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला राहिला. फोर्ट विल्यम कॉलेजात तो गोऱ्या पोरांना मराठी शिकवत असे. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, १८१० साली मोडी लिपीत कोश छापला. आपण शाळेत व्याकरणाला शिव्या घातल्या त्यातल्या काही या माणसाच्या वाट्याला जायला हव्यात. पण त्याचं खरं प्रेम बागेवर. १८२० साली त्याने शेतीबागायतीची संस्था काढली. विलायतेतल्या मित्रांना तो पत्रं पाठवून रानफुलांचं बी मागवी.

एकदा असंच बी आलं. केरीने ते नीट वेचून घेतलं, आणि पिशवीच्या तळाशी जी इंग्लंडची माती उरली होती ती सावलीतल्या एका कोपऱ्यात झटकून टाकली. थोड्या दिवसांनी त्या जागी एक डेझीचं रोप उगवलं. डेझी म्हणजे व्हायोलासारखंच थंडीतलं, गवतातलं, कोणी ढुंकून न बघणारं फूल. पण त्या माणसाने ते तीस वर्षांहून अधिक पाहिलेलं नव्हतं आणि पुन्हा दिसेल अशी आशाही नव्हती. त्याच्या आनंदाला पारावार राहिला नाही. शेफिल्डच्या जेम्स माँटगोमेरी या कवीने त्यावर कविताही लिहिली.

मला त्या गोष्टीतला पुढचा तपशील महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडात डेझी बारमाही. एकदा लावली की वर्षानुवर्षं तिथेच. श्रीरामपूरच्या उकाड्यात ती वर्षभर काही टिकेना. तेव्हा केरीने तिला हंगामी करून टाकलं. दर वर्षी बी धरायचं आणि दर वर्षी पेरायचं. घरी जे कायम होतं ते बदलीच्या गावी वर्षाच्या कराराने राहिलं.

हे सगळं वाचून दुसऱ्या वर्षी मी तयारीनिशी उतरलो. सप्टेंबरअखेरीला, नवरात्राच्या आधी आठवडाभर, उरलेली दोन पाकिटं फोडली. पन्नास बिया. खसखशीपेक्षा थोरल्या, मोहरीपेक्षा धाकट्या. नर्सरीतून खास माती आणली, चाळली, पसरट कुंडीत भरली, बी पेरून वर बोटभर नव्हे, जेमतेम चिमूटभर माती भुरभुरली आणि कुंडी गॅलरीत ठेवली, भरपूर उजेडात. वर काच झाकली. सोलापुरातल्या सप्टेंबरच्या उन्हात काच झाकून ठेवलेल्या भांड्याला खरं म्हणजे सूर्यचूल म्हणतात. पाच दिवस मी रोज सकाळी बँकेत जाताना आणि रोज संध्याकाळी आल्यावर काच काढून बघत होतो. आत काही नाही. सहाव्या दिवशी वैतागून मी बायकोला सांगितलं, "हे बुडीत खात्यात टाक." आणि आठ दिवस शाखातपासणी असल्याने मी त्या नादातून बाहेर पडलो.

त्या संध्याकाळी घरी आलो तर आई देवघरापुढे बसलेली. समोर पाटावर परडी, परडीत माती, मातीवर मातीचा घट, त्यात पाणी, विड्याची पानं, वर नारळ. बाजूला नंदादीप. बायकोने मला डोळ्यांनी खुणावलं, काही बोलू नका. मी बोललो नाही. आई आपणहूनच म्हणाली, "वर्ष झालं ना ह्यांना. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, बसवा, आम्ही येऊ आरतीला." ट्रंकेतलं देवीचं वस्त्र बाहेर आलं होतं. ट्रंकेला कुलूप नव्हतं.

तपासणी चालू राहिली. घटाला रोज एक माळ चढत होती. परडीतले गव्हाचे कोंब वर आले, पिवळट, उंच, अंधारात वाढतात तसे. दसऱ्याच्या दिवशी घट हलवले, आईने कोंब उपटून एकेक माझ्या आणि मुलाच्या कानावर ठेवला आणि ती परडी उचलणार तोच म्हणाली, "अरे, हे काय उगवलंय? मी तर गहू आणि ज्वारीच टाकली होती."

मी वाकून पाहिलं. गव्हाच्या बुडाशी, घटाच्या ओल्या अंगाला लागून, दोन-दोन पानांची बारीक हिरवी रोपं. मोजली. अकरा.

"आई, ही माती कुठली?"

"गॅलरीतली. तूच ना टाकून द्यायला सांगितलीस? चाळलेली, स्वच्छ होती. म्हटलं, घटाला बरी आहे."

थॉम्सनची अडगळ, केरीची पिशवी आणि आमच्या आईची परडी. मी तिथेच जमिनीवर बसलो.

नंतर मी हिशेब जुळवला तेव्हा सगळं स्वच्छ झालं. व्हायोलाच्या बीला उगवायला गारवा लागतो, वीस अंशांच्या आतबाहेरचा. उकाड्यात ते मरतंच असं नाही, पुष्कळदा नुसतं झोपून राहतं. आणि त्याला उगवताना उजेड नको, अंधार आवडतो. ओल सतत हवी, पण चिखल नको. गारवा, अंधार आणि बेताची ओल. आता घटात दुसरं काय असतं? मातीचा घट पाझरतो, पाझरलेलं पाणी वाळताना आजूबाजूचं ओढून गार करतं. हवा जितकी कोरडी तितकं जास्त गार. केरीच्या दमट श्रीरामपुरात माठ सोलापुराइतका गार होणार नाही. ज्या कोरड्या हवेला मी दीड वर्ष शिव्या घालत होतो तिनेच माझं बी उगवून दिलं. आणि हे तंत्र कुठल्या पाकिटावर छापलेलं नव्हतं. आमच्याकडे ते दर अश्विनात देवघरात होत होतं, फक्त आत गहू असायचा.

"ही कसली रोपं?" आईने विचारलं. मी म्हटलं, "फुलांची." कुठल्या, ते सांगितलं नाही. बँकेत आम्ही रक्कम जमा झाल्याशिवाय पावती देत नाही.

पुढची व्यवस्था आईने हातात घेतली. रोपं तुळशीजवळ सकाळचं कोवळं ऊन लागेल अशी ठेवली. चार-पाच पानं आल्यावर एकेक कुंडीत लावली. माठाच्या तिवईखाली पडणाऱ्या गार पाण्यावर त्यांचा पहिला हक्क ठरला. अकरांतली चार गेली, सात राहिली. पन्नास बियांची सात झाडं, म्हणजे १४ टक्के. हल्लीच्या मुदत ठेवींचे दर बघता मी तक्रार करणार नाही.

गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत पहिलं फूल उमललं. जांभळं, खाली पिवळं, मधे मिशा. सकाळी मी दाढी करत होतो तेव्हा अंगणातून आईची हाक आली, "अरे, हे बघ." मी तोंडाला साबण तसाच घेऊन बाहेर गेलो. आई कुंडीपुढे उभी होती, हात मागे बांधून. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बघतंय की रे हे." आणि जरा वेळाने, "ह्यांना दोन मिनिटं जास्त उभं राहू द्यायला हवं होतं मी. भाजी काय, कुठेही मिळते."

त्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू झालं. आईने स्वतः घरोघर जाऊन बोलावणं केलं. प्रत्येकीला तिळगूळ आधी, की मांजराच्या तोंडाचं फूल आधी, असा प्रश्न पडला होता.

बी धरण्याच्या बाबतीत मला धास्ती होती. डार्विनने १८५९ सालच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलंय की हार्ट्‌सईजला बी धरायला भुंग्यासारख्या केसाळ बंबलबी लागतात. त्यांची पोळी उंदीर उद्ध्वस्त करतात. उंदरांना मांजरं खातात. म्हणजे ज्या गावात मांजरं फार तिथे ही फुलं फार. आता बंबलबी आपल्याकडे हिमालयात, सोलापुरात नाहीत. माझ्याकडे होतं ते फक्त शेजारचं मांजर, आणि ते दूध सोडून कशातच लक्ष घालत नसे. तरी कुठल्या माशीने पुण्य केलं कोण जाणे, तीन बोंडं धरली. बोंड आधी मान खाली घालून असतं, पिकलं की डोकं वर काढतं आणि मग तीन फाका होऊन बिया टपाटप उडवतं. डोकं वर काढलं की त्याच दिवशी खुडायचं. एक बोंड मी रविवारवर टाकलं. ते शनिवारीच उडालं. ती उडालेली बी मुंग्या ओढून नेताना दिसली तेव्हा मी चप्पल उगारली. पण नंतर वाचलं की या घराण्याच्या बीला जो तेलकट तुकडा असतो तेवढा मुंग्या खातात आणि बी तशीच बिळाजवळ टाकतात. म्हणजे मुंगीसुद्धा पेरतेच. फक्त कमिशन घेते.

मार्चअखेर आली. बँकेत वर्षाचे हिशेब बंद करण्याचा आणि सोलापुरात झाडांनी मान टाकण्याचा मुहूर्त एकच. मी सावली केली, ओलं गोणपाट बांधलं, पाणी शिंपडलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सातही गेली. मी अंगणात खिन्नपणे बसलो होतो. आई माठ भरत होती. म्हणाली, "गौरी तीनच दिवस राहतात म्हणून कोणी आणायच्या थांबतं का? आली, हळदीकुंकू घेतलं, गेली. बी ठेवलंयस ना?"

केरीला जे कळायला डेझीची कित्येक रोपं घालवावी लागली असतील ते आईने माठ भरता भरता सांगून टाकलं.

एक्केचाळीस बिया होत्या. बँकेच्या जुन्या पाकिटात घालून, वर तारीख लिहून, आईने ते फ्रिजमध्ये लोण्याच्या भांड्यामागे ठेवलं.

त्या जूनमध्ये माझी पुण्याला बदली झाली. मला वाटलं, आई सर्वांत आधी ट्रंक भरेल. टेम्पो दाराशी उभा राहिला तरी तिचा पत्ता नाही. शेवटी ती मागच्या अंगणातून आली. हातात पिठाचा रिकामा डबा, तो मातीने भरलेला, वर फडकं बांधलेलं.

"आई, हे कशाला? पुण्यात माती मिळत नाही का?"

"मिळते," आई म्हणाली. "पण नवरात्रात घट बसवायचेत ना? परक्या मातीत कसे बसवायचे?"

टेम्पोवाल्याने डबा उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि शंभर रुपये जास्त मागितले. मी घासाघीस केली नाही.